पावसाळ्याआधी घर बंद करताना: एप्रिल-मे २०२५ च्या नोंदी

१२ एप्रिल, शनिवार

आज हनुमान जयंती. देवळातून आले ती वही घेऊनच ओट्यावर बसले. निघायला अजून दोन महिने आहेत असं म्हणता म्हणता मे सरतो, हे सात वर्षांत कळलं आहे.

नवीन वही असल्यामुळे एकदा लिहून ठेवते. हे घर सासूबाईंचं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून बामणोलीकडे उतरायला लागलं की आमची वाडी. खाली कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी दिसतं. ऑक्टोबर ते मे मी इथे आणि पावसाचे चार महिने सांगलीला लेकीकडे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सांगलीत सहाशेच्या आसपास. आमची वाडी महाबळेश्वरइतकी नसली तरी त्याच बाजूची. जुलैत इथे चार-चार दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही आणि एकटीनं राहण्यात शहाणपण नाही.

पाटबंधारे खात्यात पावसाचे आकडे उतरवण्यात नोकरी गेली, म्हणून नोंदी ठेवायची सवय. घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, एक आतून, एक बाहेरून. यादी १४ कामांची झाली. कौलं चाळणं, म्हणजे उतरवून, साफ करून परत बसवणं, कौलांखालच्या सडलेल्या रीपा म्हणजे आडव्या पट्ट्या बदलणं, पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर, वाळवी, मागचं दार, घराभोवतीचा चर, गवताच्या ताट्या, सोलरची बॅटरी ही मोठी. बाकी पडवीची फरशी, माळ्यावरची फळी, परसातली पायरी, खिडक्यांचा रंग वगैरे. निघायचं ५ जूनला, मृग लागायच्या दोन-तीन दिवस आधी.

१९ एप्रिल, शनिवार

कौलांसाठी साताऱ्याला जाऊन आले. मागच्या वर्षी घाईत एका दुकानातून ४० नवी मंगलोरी कौलं आणली होती, त्यातलं एकही जुन्या कौलाशी नीट बसलं नाही. दुकानदार म्हणाला होता की कौल म्हणजे कौल, सगळी सारखीच. सारखी नसतात. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात खोबणीची खोली आणि रीपेवर अडकणाऱ्या मागच्या नाकाची जागा थोडी वेगळी असते. दोन सूत फरक पडला की कौल डुलतं, आणि डुलणाऱ्या कौलाखालून वारा पाणी आत ढकलतो. ती ४० कौलं पैसे घालून घेतलेली, आता परसात रोपांच्या कडेला उभी आहेत.

या वेळी घरचं एक जुनं कौल पिशवीत घालून नेलं. एका पाडलेल्या वाड्याची कौलं विकायला होती, तिथे एकेक कौल त्याच्यावर बसवून पाहिलं. ६० मिळाली. छपराला एकूण ११०० च्या आसपास लागतात, त्यामुळे फुटीला आणि राखीव ठेवायला ६० पुरतील.

२४ एप्रिल, गुरुवार

चाळणी सुरू केली. शेजारचे आबा आणि त्यांचा नातू आले. आबांचं वय सत्तरीच्या पुढे, ते आता वर चढत नाहीत, खाली उभं राहून सांगतात. नातू आढ्याकडून कौलं उतरवून देतो आणि मी खाली साफ करते.

कौल हातात घेतल्यावर आधी बोटाच्या पेरानं वाजवायचं. अखंड कौल टणटणीत वाजतं, चिरलेलं भद्द. पण केसाएवढी चीर कधी कधी आवाजात कळत नाही. त्याला आबांची युक्ती आहे. कौलावर चूळभर पाणी शिंपडून उन्हात धरायचं. वरचं पाणी मिनिटभरात सुकतं आणि चीर असेल तिथे एक काळी ओली रेघ मागे राहते. आज अशा रेघांची ११ कौलं बाजूला काढली. नुसती वाजवून सोडली असती तर सगळी परत वर गेली असती.

आणखी एक गोष्ट. माझ्या घरात तरी बहुतेक गळत्या फुटक्या कौलाच्या नसतात. कौलाच्या कडेला जी खोबण असते, तिच्यात धूळ, शेवाळ आणि सुकलेली पानं बसून ती भरते. पाण्याला वाहून जायला जागा उरली नाही की ते कडेवरून चढतं आणि आत पडतं. कौल धडधाकट असतं आणि खाली टोप भरत असतो. त्यामुळे आजचा सगळा दिवस नारळाच्या काथ्यानं खोबणी घासण्यात गेला. संध्याकाळी बोटांची सालं निघाली, पण पूर्वेचं पाखं, म्हणजे छपराची त्या बाजूची उतरण, निम्मं झालं.

२८ एप्रिल, सोमवार

पूर्वेचं पाखं पूर्ण, पश्चिमेचं उघडलं आहे. उघड्या छपराखाली माजघरात बसून वर आभाळ बघताना घर किती थोड्या लाकडावर उभं आहे ते दिसतं.

नऊ रीपा सडलेल्या निघाल्या. नवीन ठोकताना अंतर टेपनं घ्यायचं नाही, दोन कौलं एकमेकांत अडकवून त्यांचंच माप घ्यायचं. वासे ऐनाचे, एक सोडून सगळे उत्तम. स्वयंपाकघराकडचा जो वासा मऊ लागला तो काढला नाही. त्याच्या बगलेला तेवढ्याच जाडीचा दुसरा लावून बोल्टनं आवळला.

स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल आहे. सासूबाईंनी चुलीवर उजेड पडावा म्हणून बसवून घेतलेलं. चाळीस वर्षांच्या धुरानं ते तपकिरी झालं होतं. राख आणि लिंबानं घासलं. दुपारी परत जागेवर बसवल्यावर चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या तोंडावर, हातभर लांबीचा उन्हाचा पट्टा पडला. मी तो पट्टा पहिल्यांदाच पाहिला.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. काम बंद. आबांच्या घरी जेवण, आंब्याचा रस.

४ मे, रविवार

पश्चिमेची भिंत. हे काम माझ्याच चुकीचं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

भिंत दगडमातीची, वर चुन्याचा गिलावा. तीन वर्षांपूर्वी एका गवंड्याच्या सल्ल्यानं तिच्यावर बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. आता काळजी नाही, थेंब आत येणार नाही, असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. पहिल्या पावसानंतर ऑक्टोबरात आले तर भिंत आतून कमरेएवढी ओली, पांढरे क्षार फुटलेले आणि खालच्या दगडांतली माती पिठासारखी. मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि उन्हावाऱ्यात ती बाहेर टाकते. सिमेंटनं तिची बाहेर पडायची वाट बंद झाली. शिवाय सिमेंटला बारीक भेग पडतेच, त्या भेगेतून शिरलेलं पाणीही आतच कोंडून राहिलं.

गेली दोन वर्षं थोडं थोडं उतरवते आहे. आज छिन्नी-हातोडीनं शेवटचा भाग पाडला. एका जागी प्लास्टरचा थाळीएवढा तुकडा अखंड निघाला. त्याच्या मागे मे महिन्यातही हाताला गार ओल लागली. मागच्या पावसाळ्यात शिरलेलं पाणी मेपर्यंत तिथे बसून होतं.

कळीचा चुना पिंपात विरवून ठेवला आहे. दहा दिवसांनी वाळू मिसळून लावायचा. तोवर भिंत उघडी राहू दे, ऊन खाऊ दे.

९ मे, शुक्रवार

वाळवी. पडवीच्या दुसऱ्या खांबावर मातीची बोटभर रुंद नळी वर चढलेली. नळी खरवडली, खांब पटाशीनं टोचून पाहिला. पाव इंच गेला आहे, गाभा शाबूत. खांबाच्या बुडाशी वीतभर चर काढून क्लोरपायरिफॉस २० टक्केवालं औषध, एका भागाला १९ भाग पाणी घालून, ओतलं. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि आबांची कोंबडी दोन दिवस डालग्यात. विहिरीच्या बाजूला हे औषध वापरत नाही. तिकडच्या खांबाला दगडी बैठक आहे, त्याला गरज पडत नाही.

मागचं दार रंध्यानं तासलं. कडेला दोन मिलिमीटर फट उन्हाळ्यात मुद्दाम ठेवायची, कारण जुलैत लाकूड फुगून ती भरून काढतं. पहिल्या वर्षी मी घट्ट बसवलं होतं आणि ऑक्टोबरात पहारीनं उघडावं लागलं. दाराला जवसाच्या तेलाचे दोन हात, बिजागऱ्यांना ग्रीस.

१३ मे, मंगळवार

दुपारी चारला वळीव. तासभर धो धो, गारा नाहीत. पश्चिमेचं पाखं परवाच पूर्ण झालं, ते देवाची कृपा.

विजेरी घेऊन माळ्यावर बसले. एकच गळती, माजघराच्या कोपऱ्यात. थेंब जिथे पडतो त्याच्या बरोबर वर भोक शोधायला जाऊ नये. पाणी वाशाच्या खालच्या अंगानं चार-चार हात घसरत येतं आणि गाठ किंवा खिळा लागला की तिथे पडतं. पाऊस थांबल्यावर नातवाला वर पाठवून खालच्या ओळीपासून एकेक कौलावर तांब्यानं पाणी ओतायला सांगितलं. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होऊन काही कळत नाही. चौथ्या ओळीला आत पाणी दिसलं. कौल बसवताना नाक रीपेवर टेकलंच नव्हतं. दोन मिनिटांत झालं.

आबा ओट्यावर बसून आभाळाकडं बघत होते. म्हणाले, "वैनी, ह्यो वळवाचा वारा न्हाय. आवंदा पानी लवकर हाय." मी म्हटलं, "आबा, अजून रोहिणी लागायचीय." ते काही बोलले नाहीत.

१७ मे, शनिवार

चर. गेले दोन दिवस कुदळ आणि फावडं.

हिशेब असा: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझ्या एका पाख्याची आडवी मोजणी साधारण ३२ चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस, जो इथे जुलैत सर्रास पडतो, तो झाला की एका बाजूच्या वळचणीला ३,२०० लिटर पाणी पडतं. बैलगाडीवरच्या टिपाडाच्या मापानं सोळा टिपाडं, आणि एवढं पाणी रोज जोत्याच्या कडेला. शिवाय डोंगराकडून वाहत येतं ते वेगळं.

म्हणून दोन चर. वरचा घरापासून आठ फुटांवर, डोंगराचं पाणी अडवून बाजूला काढायला. खालचा पागोळ्यांखाली, त्यात जांभ्याचे खडे, म्हणजे थेंबांनी माती उडून भिंतीला लागत नाही. उतार दहा फुटाला दोन इंच. पातळी पाण्याच्या नळीनं पाहिली, डोळ्यावर विसंबून नाही. दोन्ही चर खालच्या ओढ्याला सोडले.

तो ओढा शिवसागरला मिळतो. तिथलं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला वीज करून वाशिष्ठीत जातं. जे धरणातून पूर्वेला सुटतं ते कोयनेतून कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीला आयर्विन पुलाखालून जातं. २०१९ च्या ऑगस्टात त्या पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. लेकीच्या गल्लीत तेव्हा होड्या फिरत होत्या. चर खणताना मला नेहमी ते आठवतं. माझ्या वळचणीचं पाणी माझ्यासारखंच सांगलीला पोचतं, मी एसटीनं जाते एवढाच फरक.

२१ मे, बुधवार

काल रात्रीपासून पाऊस. वळवासारखा तासभर येऊन जाणारा नव्हे, संथ, एकसारखा, धुक्यासकट. रेडिओवर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता सांगताहेत. वरचा चर वाहतो आहे आणि पाणी जिथे जायला हवं तिथेच जातंय.

चुन्याचा गिलावा निम्म्या भिंतीवर चढला आहे. उरलेल्या निम्म्यावर आज लावला तर तो धरणारच नाही.

२२ मे, गुरुवार

पाऊस चालू. ५ जून विसरायचं ठरवलं. यादीत सहा कामं उरली आहेत आणि हातात तीन-चार दिवस.

रात्री कंदिलाजवळ बसून एकेका कामापुढे एवढंच लिहिलं: हे नाही केलं तर चार महिन्यांत काय होईल? फरशी नाही बसली तर काही होणार नाही. फळी, पायरी, तेच. खिडक्यांचा रंग नाही झाला तर लाकूड एक पावसाळा काढील, तेल चोळून ठेवीन. उघड्या भिंतीवर ताट्या नाही लागल्या तर मात्र मातीच धुऊन जाईल. आणि बॅटरी तशीच पडली तर मरेल. चार कामं ऑक्टोबरला ढकलली. रुखरुख वाटली, विशेषतः फरशीची. ती आणून पडवीत रचून ठेवली आहे, आता आणखी चार महिने तिला वळसा घालून जायचं.

२३ मे, शुक्रवार

ताट्या. कारवीच्या काठ्यांची चौकट, बांधावरचं डोंगरी गवत थरांनी, शेंडे खाली करून, काथ्यानं आवळलेलं. एक ताटी सहा फूट बाय चार. पश्चिमेला पाच आणि दक्षिणेला दोन. आबांच्या घरातल्या काकी, नातू आणि मी, पडवीत बसून दिवसभर.

वाडीतली पोरं निळा प्लॅस्टिकचा कागद लावतात, कारण तो अर्ध्या तासात होतो. मीही एक वर्ष लावला होता. कागद वाऱ्यानं भिंतीला चिकटतो, मागे घाम धरतो आणि भिंत बुरशीनं हिरवी होते. ताटी झडीचा मार अंगावर घेते आणि मागून वारा खेळू देते. तिच्यात आणि भिंतीत वीतभर अंतर हवं, त्यासाठी बांबूचे टेकू दिले. अर्धवट गिलाव्याच्या भागावर दुहेरी ताटी.

बांधताना काकी म्हणाल्या, "शेंडं खाली का करत्यात ठावं हाय का? पानी गवताच्या अंगानं उतरतं, मग आत कशाला शिरंल?" कौलाचं, चराचं आणि या गवताचं एकच गणित आहे.

२५ मे, रविवार

रोहिणी आज लागली. रेडिओवर सांगितलं की मान्सून काल केरळात पोचला आणि आज दक्षिण कोकणातही आला. आबा खळ्यातून हाक मारून गेले, "ऐकलं का वैनी?" एवढंच.

बॅटरी. लेड-ॲसिडची, १५० अँपिअर-तासांची. डिस्टिल्ड पाणी भरलं, हायड्रोमीटरनं सहाही घरं तपासली, सगळी १.२५ च्या आसपास. बंद घरात ती चार महिने ठेवायची नाही. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते आणि उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर क्षार घट्ट होतात, मग ती परत भरत नाही. पॅनेलसकट आबांच्या घरी नेऊन जोडली. पावसाळ्यात त्यांच्याकडे वीज जाते तेव्हा दोन दिवे आणि फोन तरी चालतील, आणि बॅटरीही वापरात राहील.

अंथरुणं लोखंडी पेटीत, मध्ये सुकलेला कडुनिंब. गाद्या आढ्याला दोरीनं टांगल्या, उंदरांपासून. कपाटांची दारं उघडी ठेवली, बंद कपाटात बुरशी आधी लागते. पीठ, डाळ, कांदे सगळं काकींकडे. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावली. मेन स्विच उद्या निघताना.

२६ मे, सोमवार

सकाळी सहाला उठून सगळं घर झाडलं. केराचा एक कणही ओला ठेवायचा नाही. चूल सारवली.

किल्ली काकींना दिली. आठवड्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, त्या दारं उघडतात आणि चूल पेटवतात. धूर वाशांत फिरला की किडा आणि बुरशी दूर राहतात. सासूबाईंच्या काळात घर रोज धुरात असायचं, म्हणून ते ऐनाचे वासे अजून उभे आहेत. "चुलीत ओलं लाकूड घालू का सुकं?" काकींनी विचारलं. सुकं, आणि शेवटी एक मूठ कडुनिंब.

मेन स्विच बंद. मागच्या दाराला आतून अडसर. पुढच्या दाराला कुलूप, कुलपावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पाणी आत जाऊ नये म्हणून.

एसटी कासवरून जाताना पठार दिसलंच नाही, सगळं धुकं. कराडला पूल ओलांडताना नदीला गढूळ पाणी होतं. सांगलीला पोचेपर्यंत बातमी आली होती की मान्सून मुंबईतही दाखल झाला. तिथली नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे १६ दिवस आधी. मी ५ जूनच्याच हिशेबानं कामं करत राहिले असते तर ताट्या बांधायच्या राहिल्याच असत्या.

१५ जून, रविवार, सांगली

आबांचा फोन. "घर बरं हाय वैनी. भित्ती कोरड्या. चर झक्कास व्हातोय." मग जरा थांबून, "काचंच्या कौलाखाली एक थेंब हाय. चुलीवर पातेलं ठेवलंय. पोराला वर चढवू का?"

चढवू नका म्हणून दोनदा सांगितलं. आता कौलांवर शेवाळाची साय आली असणार, पाय ठरणार नाही. थेंब चुलीच्या कुठल्या अंगाला पडतो ते विचारलं. डाव्या, वैलाजवळ. वासा कितवा? ते आत जाऊन मोजून आले. दाराकडून तिसरा.

ऑक्टोबरची यादी सुरू केली. १: काचेचं कौल, दाराकडून तिसऱ्या वाशावर, खालच्या ओळीपासून पाणी ओतून बघणे. २: उरलेल्या निम्म्या भिंतीचा चुना. ३: फरशी.